पोर्ट उघडलाय खरा, पण त्यामागे बसलंय कोण?

नेरुळहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून फक्त मजकूर देतो, थोडा आटोपशीर करून.

‘स. न. वि. वि. मी एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधले दोन गाळे आणि सानपाड्याचं एक हार्डवेअरचं दुकान यांचे हिशेब घरून लिहिते. सगळं काम घरच्या एकाच कॉम्प्युटरवर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. आईला बरं नसतं, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस मी ठाण्याला, नौपाड्यात भावाकडे असते. तिथून नेरुळचा कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून भाच्याने दोन महिन्यांपूर्वी राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून दिला. त्यासाठी नेटवाल्याला दरमहा जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतला. काम छान चाललंय. पण परवा एका गाळेवाल्या शेटजींनी विचारलं, “ताई, आमचे आकडे कोणी बघत तर नाही ना?” तेव्हापासून झोप नाही. शिवाय माझ्या मदतनीस मुलीचा लॅपटॉप टॅलीला जोडला जात नव्हता तेव्हा इन्स्टॉल करायला आलेल्या मुलाने कॉम्प्युटरचा फायरवॉलच बंद करून ठेवला, तो आजतागायत तसाच आहे. कॅमेरेवाल्याने कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरसाठी दोन पोर्ट उघडलेत, आणि आता धाकट्याला मित्रांबरोबर माइनक्राफ्ट खेळायला आणखी एक हवाय. भाचा म्हणतो, “आत्या, घरच्या कॉम्प्युटरकडे कोण कशाला बघेल? पाहिजे तर नंबर बदलून देतो.” हे सुरक्षित आहे का? नसेल तर मी आईकडून काम कसं करू?’

ताई,

आधी काम सांगतो, कारणं मागाहून. ३३८९ चं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे भाच्याने उघडून दिलेली ती वाट, आजच्या आज राउटरमधून काढा. तुम्ही नौपाड्यात असाल आणि कॉम्प्युटर नेरुळला चालू असेल, तर घरी जो कोणी असेल त्याला सरळ राउटर बंद करायला सांगा. एक दिवस घरात नेट नसलं तर धाकटा कुरकुरेल, त्यापलीकडे काही होणार नाही. तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टी सावकाश, समजून करता येतील. ही एक थांबण्यासारखी नाही.

आता कारणं. पोस्टात किंवा तहसील कचेरीत जशा नंबर लावलेल्या खिडक्या असतात, तसे कॉम्प्युटरला पोर्ट असतात, एकूण ६५,५३५. खिडकीमागे कारकून बसलेला नसेल तर कितीही टकटक करा, काम होत नाही. कारकून बसलेला असेल, तर मग तो कागद नीट तपासतो का, ओळख विचारतो का, की समोर येईल त्याला रजिस्टर काढून देतो, यावर सगळं अवलंबून. कॉम्प्युटरात हा कारकून म्हणजे एखादा प्रोग्रॅम, जो त्या नंबरवर कान लावून बसलेला असतो. म्हणून ‘पोर्ट उघडणं सुरक्षित आहे का’ याला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही. मी उलट तीन गोष्टी विचारतो. त्या पोर्टमागे कोणता प्रोग्रॅम आहे? त्याच्यापर्यंत कोणकोण पोचू शकतं, घरातलीच माणसं की अख्खं जग? आणि तो प्रोग्रॅम अपडेट ठेवण्याची जबाबदारी कोणाची? तिसऱ्या प्रश्नाला ‘कोणाचीच नाही’ हे उत्तर आलं, तर तो पोर्ट उघडू नये.

एक गैरसमज मात्र लगेच दूर करतो, कारण त्यापायीच माणसं फायरवॉलला वैतागतात. जीएसटीचं पोर्टल उघडणं, बँकेची साइट, मेल, व्हिडिओ कॉल यांतल्या कशासाठीही तुम्हाला पोर्ट उघडावा लागत नाही. तिथे बोलणं तुमच्या कॉम्प्युटरकडून सुरू होतं आणि विंडोजचा फायरवॉल बाहेर जाणारं सहसा अडवत नाही, त्याचं उत्तरही आत येऊ देतो. तो अडवतो ते न बोलावता आत येणाऱ्याला. पोर्ट उघडणं म्हणजे ‘या नंबरवर न बोलावता कोणीही आलं तरी चालेल’ अशी परवानगी देणं.

ही परवानगी दोन ठिकाणी देता येते, आणि तुमच्या पत्रात ती दोन्ही ठिकाणं एकमेकांत मिसळली आहेत. एक म्हणजे कॉम्प्युटरचा स्वतःचा फायरवॉल. तिथे एखादा पोर्ट उघडला आणि राउटरला हात लावला नाही, तर साधारणपणे घरच्या वायफायवरची उपकरणंच तिथे पोचतात. मदतनीस मुलीच्या लॅपटॉपसाठी एवढंच पुरेसं होतं. दुसरं ठिकाण म्हणजे राउटर. तिथे पोर्ट फॉरवर्ड केला की बाहेरच्या जगातून त्या नंबरवर येणारं सगळं तुमच्या कॉम्प्युटरकडे पाठवलं जातं. पहिलं घरगुती बाब आहे. दुसरं जगाला दिलेलं आमंत्रण आहे. तुमच्याकडे पहिल्यासाठी फायरवॉलच बंद झाला, आणि दुसरं कोणी फारसा विचार न करता करून टाकलं.

३३८९ वर जो प्रोग्रॅम बसतो तो विंडोजचा रिमोट डेस्कटॉप. प्रोग्रॅम वाईट नाही, मोठमोठ्या कंपन्या वापरतात. पण त्याच्या पलीकडे तुमचा पूर्ण कॉम्प्युटर आहे: कीबोर्ड, माउस, प्रत्येक फाइल. आत शिरलेल्याला दुसरं काही फोडावं लागत नाही. म्हणून फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअर टोळ्यांचा हा वर्षानुवर्षांचा आवडता रस्ता आहे. आणि ‘माझा पासवर्ड कठीण आहे’ एवढ्यावर विसंबता येत नाही. मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचा दोष उघड झाला. विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये पासवर्ड न देताच आत शिरता येईल असा तो दोष होता, आणि मायक्रोसॉफ्टने चक्क केव्हाच मोडीत काढलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. तुमच्या विंडोजमध्ये तो दोष नसेल. पण असा दोष पुढच्या वेळी सापडेल तेव्हा तुमचा कॉम्प्युटर जगासमोर उघडा असू नये, एवढं आपल्या हातात आहे.

तुमचा कॉम्प्युटर विंडोज १० वर असेल तर हे आणखी गंभीर होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. वाढीव सुरक्षा अपडेटांसाठी नाव नोंदवलं नसेल, तर नव्या दोषांच्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

आता भाच्याचा प्रश्न, ‘कोण कशाला बघेल?’ प्रश्न रास्त आहे आणि पुष्कळ शहाणी माणसं तो विचारतात. तुमचं नाव, नेरुळ, मसाला मार्केट यातलं कोणालाच ठाऊक नाही आणि कोणाला त्यात रसही नाही. पण शोधायला माणूस बसत नाही, प्रोग्रॅम बसतात. आज बहुतेक घरांत चालणाऱ्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, जगभरात मिळून जेमतेम ४३० कोटी पत्ते आहेत. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. चांगली जोडणी असलेल्या एका कॉम्प्युटरवरून, एका पोर्टपुरती, या सगळ्या पत्त्यांची फेरी तो ४५ मिनिटांच्या आत करतो. तुम्ही नौपाड्यातून निघून ट्रान्स हार्बरने नेरुळच्या घरी पोचेपर्यंत जगातलं कुठलं ३३८९ उघडं आहे याची यादी तयार. शिवाय शोडान नावाचं एक शोधयंत्र २००९ पासून अशा उघड्या उपकरणांच्या नोंदी ठेवतं, ते कोणीही चाळू शकतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तुमच्याच कॉम्प्युटरवर बघा. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्याखाली ‘सिक्युरिटी’. उजवीकडच्या ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये ४६२५ हा आकडा टाका. ही फसलेल्या लॉगइनची नोंद. ज्या कॉम्प्युटरचा ३३८९ बाहेर उघडा असतो, तिथे ही यादी सहसा स्क्रोल करता करता संपत नाही. मध्यरात्री दोन वाजता, पहाटे चारला, काही सेकंदांच्या अंतराने. एखादी नोंद उघडली की कोणत्या नावाने प्रयत्न झाला ते दिसतं: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, यूजर, टेस्ट, आणि पुन्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. खाली ‘सोर्स नेटवर्क अ‍ॅड्रेस’ या ओळीत परक्या देशांतले पत्ते. भाच्याला शेजारी बसवून ही यादी दाखवा. त्याला रागावू नका, आत्याची धावपळ वाचावी म्हणूनच त्याने ते केलं. यादी बघितल्यावर त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

नंबर बदलून ३३८९ ऐवजी ३३८९० केला, तर ही यादी थोडी आखडेल. पण प्रोग्रॅम तोच, दोष तेच, आणि ६५,५३५ नंबर तपासायला यंत्राला कंटाळा येत नाही. म्हणून नंबर बदलण्याला मी उपाय मानत नाही.

शेटजींच्या प्रश्नाचं उत्तरही याच लॉगमध्ये शोधावं लागेल, आणि ते तुम्ही टाळू नये असं मला मनापासून वाटतं. आता ४६२४ वर फिल्टर लावा. ही यशस्वी लॉगइनची नोंद. या नोंदी ढिगाने असतात, कारण विंडोजचे स्वतःचे प्रोग्रॅमही आत लॉगइन होत असतात. तुम्हाला हव्यात त्या ‘लॉगऑन टाइप’समोर १० असलेल्या, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून झालेल्या. त्यांच्या वेळा बघा. तुम्ही आईकडे ज्या दिवशी, ज्या वेळी काम केलंत, त्याच वेळा असतील तर ठीक. पहाटे तीनची नोंद असेल, किंवा सेटिंग्जमध्ये खात्यांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं, किंवा तुम्ही न टाकलेलं दूरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर सापडलं, तर साफसफाईच्या नादाला लागू नका. नेटची वायर काढा, टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि विंडोज कोरं बसवून घ्या. बँकेचे, जीएसटीचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात. आणि तसं काही सापडलंच तर शेटजींना खरं सांगा. लॉग जुना झाला की पुसला जातो, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचं सगळं दिसेलच असं नाही. म्हणून काहीच सापडलं नाही तरी पासवर्ड बदलाच.

आता बंद करून ठेवलेल्या फायरवॉलकडे येतो. बसवणाऱ्या मुलाने काय केलं ते मला कळतं. काम अडलं होतं, तुम्ही उभ्या होतात, फायरवॉल बंद केला, टॅली जोडली गेली, तो निघाला. हे ठाण्या-नवी मुंबईतच काय, गावोगावी छोट्या ऑफिसांतून रोज चालतं आणि मला ते बघवत नाही. एका खिळ्यासाठी भिंत पाडण्याची गरज नव्हती.

‘राउटर आहे ना पुढे, मग आतला फायरवॉल कशाला’ असंही तुम्हाला कोणी सांगेल. त्याला आपल्याच भागातलं उत्तर आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला जगभर पसरला. त्याची सुरुवात झाली युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्याच दिवशी आपल्या न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूह चालवत असलेल्या जीटीआय टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या रांगा लागण्याची वेळ आली. बाहेरून कोणी पोर्ट ठोठावला नव्हता. एक कॉम्प्युटर आतून बाधित झाला आणि मग तो शेजारच्या कॉम्प्युटरांकडे सरकत गेला, काही अंशी ४४५ या फोल्डर शेअरिंगच्या पोर्टवरून. ४४५ वरच्या प्रोग्रॅममधल्या ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला, त्याच दोषावरून दीड महिना आधी, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं होतं. दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं नाही ते अडकले.

तुमच्या घरात धाकट्याचा लॅपटॉप आहे, मदतनीस मुलीचा आहे, सगळ्यांचे फोन आहेत, डीव्हीआर आहे. यातलं एखादं बाधित झालं तर तुमच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरसमोर उभा राहणारा शेवटचा पहारा हा आतला फायरवॉलच. आणखी एक कारण असं, की आता बऱ्याच जोडण्यांवर आयपीव्ही६ येतं. त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो, आणि राउटरने नीट अडवलं नाही तर पोर्ट फॉरवर्ड न करताही बाहेरून पोचता येतं.

तेव्हा फायरवॉल चालू करा. आधी विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये घरचं वायफाय ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेलं आहे ना ते बघा. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’मध्ये जा, तिन्ही प्रकारच्या नेटवर्कसमोर तो चालू करा. लगेच मदतनीस मुलीची टॅली अडेल, घाबरू नका. त्याच पानावर ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल’ आहे. तिथे टॅली शोधून तिच्यापुढच्या ‘प्रायव्हेट’ चौकोनात खूण करा, ‘पब्लिक’ रिकामा ठेवा. ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’चंही तसंच, कारण टॅलीचा डेटा ज्या फोल्डरात आहे तो तिच्या लॅपटॉपला दिसायला हवा. नंबर उघडण्यापेक्षा प्रोग्रॅमला परवानगी देणं केव्हाही चांगलं. प्रोग्रॅम बंद झाला की ती परवानगी निरुपयोगी होते.

थोडं खोलात जायची भाच्याची तयारी असेल, तर त्याला ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडायला सांगा. तिथे ‘इनबाउंड रूल्स’मध्ये टॅलीचा नियम शोधून, त्याच्या ‘स्कोप’मध्ये ‘रिमोट आयपी अ‍ॅड्रेस’खाली ‘लोकल सबनेट’ टाकायचं. म्हणजे घरच्या जाळ्याबाहेरचं कोणी आलं तर नियम त्याला लागूच होणार नाही. हाच एक रकाना बहुतेक जण कोरा सोडतात, आणि सगळ्यात जास्त संरक्षण त्यातच आहे. यादी उघडलीच आहे तर खालपर्यंत नजर टाका. कधीकाळी टाकून काढून टाकलेल्या खेळांच्या, प्रिंटरच्या परवानग्या तिथे वर्षानुवर्षं पडून असतात. ओळखीच्या नसलेल्या पुसू नका, नुसत्या ‘डिसेबल’ करा. आठवड्यात काही अडलं नाही तर त्यांची गरज नव्हती.

आता तुमचा खरा प्रश्न, आईकडून काम कसं करायचं. आनंदाची गोष्ट अशी की त्यासाठी जगासमोर एकही पोर्ट उघडावा लागत नाही.

मला तुमच्यासाठी व्हीपीएनचा, म्हणजे आपल्यापुरत्या खासगी जाळ्याचा, मार्ग सर्वांत योग्य वाटतो. टेलस्केल नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापरासाठी त्याची फुकट योजना आहे. नेरुळच्या कॉम्प्युटरवर आणि तुमच्या लॅपटॉपवर ते टाकायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगइन करायचं. मग त्या दोन उपकरणांपुरतं एक खासगी, कूटबद्ध जाळं तयार होतं. आतून ते वायरगार्ड या तंत्रावर चालतं, जे २०२० पासून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. दोन्ही बाजू स्वतःहून बाहेर जोडल्या जातात, त्यामुळे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. रिमोट डेस्कटॉप तुम्ही आज वापरता तसाच राहील, फक्त स्टॅटिक आयपीच्या जागी टेलस्केलने दिलेला १०० ने सुरू होणारा पत्ता टाकायचा. रिमोट डेस्कटॉपच्या नियमाच्या ‘स्कोप’मध्ये भाच्याने १००.६४.०.०/१० एवढंच टाकलं, तर या जाळ्याबाहेरून तो कोणाला दिसणारही नाही. ज्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन कराल त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलीच पाहिजे, कारण आता सगळ्याची किल्ली ते खातं आहे.

एवढं नको असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप आहे. गूगल खातं आणि एक पिन, पोर्ट काही नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून जोडून घेणारा रिमोट डेस्कटॉप मिळतच नाही, तुमच्याकडे चालतोय म्हणजे प्रो असणार. पण हा लेख वाचणाऱ्या होमवाल्यांना क्रोमचा रस्ता सोपा पडेल. एनीडेस्कसारखी सॉफ्टवेअरंही आहेत. ती वापरायची तर स्वतःच्या दोन उपकरणांत वापरा, फोनवर कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून टाकायला लावली तर कधीही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच याबद्दल सावध केलं होतं.

नेरुळच्या कॉम्प्युटरची झोप, म्हणजे ‘स्लीप’, तेवढी बंद ठेवा. नाहीतर नौपाड्यात बसून जोडणी का होत नाही म्हणून तासभर डोकं धराल.

कॅमेऱ्यांचे दोन पोर्टही बंद करा. याला मी तितकंच महत्त्व देतो, कारण डीव्हीआर अपडेट करण्याची आठवण कोणालाच राहत नाही आणि त्याचा पासवर्ड बहुधा कॅमेरेवाल्याने सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच ठेवलेला असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने असे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. युक्ती काही नव्हती, कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या तो एकामागून एक लावून बघायचा. त्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अमेरिकेत अनेकांना उघडू दिल्या नाहीत. कॅमेऱ्यांच्या मालकांना आपलं उपकरण यात सामील आहे याचा पत्ताही नव्हता. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून बहुतेक डीव्हीआर पोर्ट न उघडताही दिसतात, ते वापरा. पासवर्ड स्वतः बदला. आणि राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ नावाचं बटण असेल ते बंद करा. ते चालू असलं की घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरकडून पोर्ट उघडून घेऊ शकतं.

धाकट्याचा खेळ. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या, असंख्य प्रोग्रॅमांत वापरल्या जाणाऱ्या एका सुट्या भागात दोष सापडला, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांत भरला तो माइनक्राफ्टमुळे. खेळाच्या जावा आवृत्तीत चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हर, म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडले जातात तो प्रोग्रॅम, चालवणारा कॉम्प्युटर ताब्यात येऊ शकत होता. मुलांच्या गप्पांच्या चौकटीतली एक ओळ! त्याची दुरुस्ती तेव्हाच निघाली, पण अपडेट न केलेले सर्व्हर पुढेही उघडेच होते. म्हणून ज्या कॉम्प्युटरवर तीन व्यापाऱ्यांचे हिशेब आहेत, त्यावर खेळाचा सर्व्हर नको. घरातल्या घरात, एकाच वायफायवर मित्र आले असतील तर त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल खेळू दे. लांबच्या मित्रांसाठी त्या खेळाची भाड्याने मिळणारी जागा घ्या, किंवा त्याच्या लॅपटॉपवर वेगळ्या खात्याने टेलस्केल. त्याला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हे शिकवलेलं चांगलं. पोरं शिकतात पटकन.

सगळं झालं की बाहेरून तपासा. घरच्या वायफायवरून राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावर रिमोट डेस्कटॉप लावून पाहिलात तर फसवं उत्तर येऊ शकतं. फोनचा हॉटस्पॉट लावून, मोबाइलच्या नेटवरून स्टॅटिक आयपीवर प्रयत्न करा. जोडणी व्हायला नको. किंवा घरच्या कॉम्प्युटरवरून ‘शील्ड्स अप’ नावाच्या साइटवर जा. ती तुमच्या पत्त्याचे नेहमीचे पोर्ट बाहेरून ठोकून कोणते उघडे आहेत ते सांगते. स्वतःचाच पत्ता तपासायचा, दुसऱ्याचा नाही.

बॅकअपचं पत्रात काहीच नव्हतं, म्हणून विचारतो. महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचा ३बी फॉर्म भरायचा आणि एकोणीसच्या रात्री टॅलीच्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या, तर तुमच्याकडे काय आहे? बॅकअप कॉम्प्युटरलाच लावून ठेवलेल्या डिस्कवर असेल तर तोही त्याच रात्री जाईल. दोन बाहेरच्या डिस्क घ्या, आलटून पालटून वापरा, बॅकअप झाला की वायर काढून कपाटात. एक डिस्क भावाकडे नौपाड्यात राहू दे, तुमचं जाणं-येणं आहेच.

टेलस्केलवर महिनाभर काम नीट चाललं की नेटवाल्याला फोन करून स्टॅटिक आयपी बंद करायला सांगा. त्याची गरज उरणार नाही, आणि त्या पैशात दोन्ही डिस्क निघतील. राउटरच्या पानावर कुठे अडलात तर त्या पानाचा फोटो काढून पाठवा, पासवर्डचा रकाना आणि आयपी पत्ता झाकून. मी बघून सांगतो. आईंची तब्येत सांभाळा.